ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएससी: घाटात लुकलुकणारा दिवा आणि पेटून राहणारा दिवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून दर आठवड्याला मुंबईला जाणारी, पुढच्या चाकांना ताकद मिळणारी छोटी एसयूव्ही. पावसात कसारा घाटातल्या एका वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला सरकू लागली, खालून घर्रघर्र आवाज आला, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असूनही इंजिनची ताकद गेली, डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकलं आणि गाडी पुन्हा आपल्या लेनमध्ये आली. नंतर पुढे दोन नवे टायर टाकले, अलाइनमेंट करून घेतलं. तेव्हापासून दहा-पंधरा मिनिटं गाडी चालली की तेच चिन्ह पेटतं आणि पेटूनच राहतं. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की विझतं. मेकॅनिकचं म्हणणं, बटण दाबून ऑफ ठेवा, काही होत नाही. ही यंत्रणा नक्की काय करते, आणि ती ऑफ ठेवावी का?

ऑफ ठेवू नका. घाटात लुकलुकलेला दिवा म्हणजे ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) काम करत होती. आता पेटून राहणारा दिवा म्हणजे तिने काम सोडलंय. चिन्ह एकच असल्यामुळे गोंधळ होतो. टायर बदलल्यावर आणि अलाइनमेंट झाल्यावर ती काम का सोडते, हे कळायला ती आत काय करते हे आधी पाहावं लागेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो: या संगणकाला रस्ता दिसत नाही. समोर वळण आहे, चिखल आहे की डिझेल सांडलंय, त्याला ठाऊक नसतं. त्याला मुख्यतः तीन गोष्टी कळतात: चारही चाकं किती वेगाने फिरतायत, स्टिअरिंग किती अंश वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय. या तिन्हींचा मेळ बसला की तो गप्प असतो, बिघडला की ब्रेक आणि इंजिन आपल्या हातात घेतो. आणि यातली एखादी माहितीच खोटी आहे असा त्याला संशय आला, तर चुकीच्या वेळी चुकीचं चाक पकडण्यापेक्षा तो स्वतःला बंद करून दिवा लावतो. तुमच्या गाडीचं बहुतेक हेच झालंय.

सुरुवात चाकांपासून करू. प्रत्येक चाकाच्या हबजवळ एक स्पीड सेन्सर असतो. जुन्या गाड्यांत तो साधी कॉइल आणि चुंबक असा असायचा आणि समोर दातेरी रिंग फिरायची. आता बहुतेक गाड्यांत हॉल किंवा तत्सम चुंबकीय सेन्सर असतो आणि दातांऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांची पट्टी बसवलेली असते. १८५/६५ आर१५ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ६० किमी वेगाला असं चाक सेकंदाला साडेआठ फेरे मारतं. रिंगवर ४८ दात धरले, तर सेकंदाला चारशेच्या वर ठोके एका चाकाचे. एवढ्या बारकाईमुळेच चाकाने पकड सोडायला सुरुवात केली की काही मिलिसेकंदांत ते कळतं.

टायरची पकड ही आहे-नाही अशी गोष्ट नाही. ताकद किंवा ब्रेक लावला की टायर रस्त्याच्या तुलनेत किंचित सरकतोच, आणि थोडं सरकल्यावरच पकड सर्वात जास्त मिळते. कोरड्या डांबरावर ही सरक साधारण १० ते २० टक्के असते. त्यापुढे गेलं की पकड कमी होत जाते आणि दिशा देण्याची ताकद तर फार झपाट्याने संपते. म्हणून लॉक झालेलं चाक आणि जागच्या जागी फिरकी मारणारं चाक, दोन्ही स्टिअरिंगचं ऐकत नाहीत. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) ब्रेक मारताना चाकाला या पट्ट्यात धरून ठेवतं, ट्रॅक्शन कंट्रोल अ‍ॅक्सिलरेटर दाबताना तेच करतं. दोन्हींची अंगं एकच आहेत, फक्त काम उलट दिशेचं.

ट्रॅक्शन कंट्रोलकडे दोन हत्यारं असतात. पहिलं, इंजिनची ताकद कमी करणं. आजच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पेडलपासून इंजिनपर्यंत तार जात नाही, पेडल फक्त सेन्सर आहे. त्यामुळे तुम्ही पाय खाली ठेवला तरी संगणक थ्रॉटल मिटू शकतो, स्पार्क मागे नेऊ शकतो, इंधन तोडू शकतो. घाटात ताकद गेल्यासारखं वाटलं ते हेच. दुसरं हत्यार म्हणजे फिरकी मारणाऱ्या एकाच चाकाला ब्रेक लावणं. हे का लागतं? साधा डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच, दोन्ही बाजूंना सारखाच पीळ (टॉर्क) देतो. एक चाक चिखलात आणि दुसरं डांबरावर असेल, तर चिखलातल्या चाकाला जेवढा पीळ झेपतो तेवढाच डांबरावरच्या चाकाला मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. चिखलातल्या चाकाला ब्रेक लावला की त्याला फिरवायला जास्त पीळ लागतो, आणि डिफरन्शिअलच्या नियमाने तेवढाच जास्तीचा पीळ डांबरावरच्या चाकाकडे जातो. ब्रेक लावून गाडी पुढे जाते हे ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे.

आता ईएससी. कंपन्यांनी नावं वेगवेगळी ठेवली आहेत: ईएसपी, व्हीएससी, व्हीएसए, डीएससी. काम एकच. बॉश आणि मर्सिडीज यांनी एबीएस १९७८ साली एस-क्लासमध्ये दिलं आणि ईएसपी १९९५ मध्ये. ते महागड्या गाड्यांपुरतंच राहिलं असतं, पण १९९७ साली स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत समोर अचानक आलेला अडथळा चुकवताना छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर मर्सिडीजने त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत ईएसपी बसवलं आणि ही यंत्रणा छोट्या गाड्यांत यायला लागली. आपल्याकडे २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये एबीएस आहे. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी असावंच लागतं. जुन्या किंवा बेस मॉडेलमध्ये ते आहे का हे पाहायचं असेल, तर चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद मागे नागमोडी रेषा असलेल्या गाडीचं चिन्ह पेटून विझतं का ते बघा. सेकंडहँड गाडी घेताना हे जरूर पाहा. मुळात पेटतच नसेल, तर एक तर ईएससी नाही किंवा कोणीतरी दिवाच मारून ठेवलाय.

ईएससीसाठी दोन सेन्सर जास्तीचे लागतात. एक स्टिअरिंग अँगल सेन्सर. तो स्टिअरिंग व्हीलखाली, बऱ्याचदा क्लॉक स्प्रिंगलगत (स्टिअरिंगबरोबर गुंडाळली-उलगडली जाणारी वायरची पट्टी) असतो. दुसरा यॉ रेट सेन्सर. तो गाडीच्या मधोमध हँडब्रेकखाली किंवा सीटखाली असतो, काही गाड्यांत थेट एबीएसच्या डब्यात किंवा एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये. गाडी स्वतःभोवती सेकंदाला किती अंश वळतेय हे तो मोजतो. बाजूला किती जोर पडतोय तेही बहुधा त्याच डबीत मोजलं जातं.

घाटातलं गणित आकड्यांत पाहा. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किमीने घेतलं, तर बाजूला पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पाव पट येतो आणि गाडी सेकंदाला सुमारे १३ अंश वळायला हवी. तेच वळण ६० ला घेतलं तर जोर ०.५७ पट आणि वळण १९ अंश. वेग दीडपट झाला, पण जोर सव्वादोनपट. कोरड्या डांबरावर टायर ०.७ ते ०.९ पट जोर धरतो, ओल्यावर ०.४ ते ०.६. म्हणजे ४० ला भरपूर शिल्लक राहते आणि ६० ला ओल्या रस्त्यावर सगळं संपलेलं असतं, काही वेळा उणे. इगतपुरीचा पाऊस, ट्रकच्या टाक्यांतून उतारावर सांडलेलं डिझेल, आणि जूनच्या पहिल्या सरीला रस्त्यावर तरंगणारा वर्षभराचा तेलकट थर धरला, तर ०.४ चा आकडासुद्धा उदार आहे. तुम्ही स्टिअरिंगने १९ अंशांची मागणी केली, गाडीने १२ दिले. तुमची मागणी आणि गाडीचं देणं यांची ही तुलना, बॉशच्या सांगण्यानुसार, सेकंदाला २५ वेळा होते.

गाडी मागणीपेक्षा कमी वळत असेल, म्हणजे नाक बाहेर जात असेल, तर संगणक मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनची ताकद कापतो. ते चाक खुंट्यासारखं काम करतं आणि गाडीचं नाक आत ओढलं जातं. गाडी मागणीपेक्षा जास्त वळत असेल, म्हणजे मागचा भाग सुटत असेल, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो. तो भोवऱ्याच्या उलट दिशेने पीळ देतो आणि शेपूट जागेवर येते. तुमच्या पायाला एका चाकाला वेगळा ब्रेक लावणं कधीच शक्य नाही, म्हणून ही यंत्रणा निष्णात ड्रायव्हरपेक्षाही जास्त काही करू शकते. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासात, एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका ईएससीमुळे जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं दिसलं.

तो घर्रघर्र आवाज पंपाचा. साध्या एबीएसच्या डब्यात आठ व्हॉल्व असतात, प्रत्येक चाकाला एक आत सोडणारा आणि एक बाहेर सोडणारा. ईएससीच्या डब्यात बारा. जास्तीचे चार यासाठी की तुमचा पाय ब्रेकवर नसतानाही पंपाने टाकीतून ब्रेक ऑइल ओढून हव्या त्या एकाच चाकाला दाब देता यावा. याच व्हॉल्वमुळे हिल होल्डही मिळतं. सप्तशृंग गडाच्या नांदुरी घाटात चढावर थांबून पाय ब्रेकवरून काढला की गाडी साधारण दोन सेकंद मागे जात नाही, कारण दाब याच डब्यात अडवलेला असतो. तो हँडब्रेक नाही. दोन सेकंद संपले की सुटतो.

आता तुमचा दिवा.

पहिला प्रश्न: ईएससीबरोबर एबीएसचाही दिवा पेटतो का? चाकाचा सेन्सर, त्याची वायर किंवा रिंग बिघडली असेल तर बहुतेक वेळा दोन्ही दिवे एकदम पेटतात, कारण चाकाचा वेग कळल्याशिवाय दोन्ही यंत्रणांना काम करता येत नाही. फक्त ईएससीचा पेटत असेल, एबीएसचा नाही, तर संशय स्टिअरिंग अँगल, यॉ सेन्सर किंवा ब्रेक पेडलवरच्या स्विचकडे जातो. हा ब्रेक लाइटचा स्विच छोटा आणि स्वस्त भाग आहे, पण फार त्रास देतो. पाय काढलेला असताना तो ब्रेक दाबलाय असं सांगत असेल, तर संगणक गोंधळतो. मागचे ब्रेक लाइट पेडलबरोबर नीट पेटतात-विझतात का, हे अंधारात भिंतीजवळ गाडी लावून आधी पाहून घ्या. पण अशा स्विचमध्ये दोन संपर्क असतात, त्यामुळे दिवे नीट लागले म्हणून तो निर्दोष ठरत नाही. खात्री स्कॅनरवरच, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावरच होईल.

तुमच्या बाबतीत दहा-पंधरा मिनिटांनी दिवा लागणं आणि अलाइनमेंटनंतर सुरू होणं, या दोन खुणा एकत्र घेतल्या की स्टिअरिंगच्या शून्यावर बोट जातं. अलाइनमेंट करताना स्टिअरिंग सरळ क्लँप करून दोन्ही बाजूंचे टाय रॉड (स्टिअरिंग आणि चाक यांना जोडणारे दांडे) सारखे फिरवायचे असतात. ते नीट झालं नाही तर चाकं सरळ असताना स्टिअरिंग तिरकं राहतं. मग काही ठिकाणी स्टिअरिंग व्हीलच काढून एक-दोन दाते सरकवून पुन्हा बसवतात. डोळ्यांना ते सरळ दिसतं, पण सेन्सरचा शून्य हलतो आणि त्यात क्लॉक स्प्रिंग ताणलं जाण्याची भीती असते. एअरबॅगची वायर त्यातूनच जाते, म्हणून हा उद्योग कधीच करू देऊ नका.

समजा सरळ जाताना सेन्सर ८ अंश दाखवतोय. स्टिअरिंगचं गुणोत्तर १५ ला १ धरलं तर पुढची चाकं अर्धा अंश वळली आहेत असं संगणकाला वाटतं. ताशी ८० ला त्याने गाडी सेकंदाला तीनेक अंश वळायला हवी, आणि ती तर सरळ चालली आहे. घोटीच्या पुढच्या सरळ रस्त्यावर हे दहा मिनिटं सलग दिसलं की संगणक ठरवतो, सेन्सर खोटं बोलतोय. बिघाडाचा कोड साठवतो, ईएससी बंद करतो, दिवा लावतो. चावी बंद-चालू केली की तो नव्याने विश्वास ठेवतो आणि पुन्हा फसतो. फरक यापेक्षा थोडा कमी असेल तर जास्त वाईट होतं: दिवा लागत नाही, पण एकाच बाजूच्या वळणावर यंत्रणा विनाकारण ब्रेक लावते, पुढचं एक पॅड लवकर झिजतं आणि गाडी मध्येच ओढल्यासारखी वाटते.

उपाय क्रमाने करा, कारण क्रम चुकला की काम दोनदा होतं. आधी चारही टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, थंड असताना. मग टाय रॉडवरून अलाइनमेंट दुरुस्त करून घ्या. हातातला प्रिंट पाहा, दोन्ही बाजूंचा टो (चाकं पुढून आत की बाहेर वळलेली आहेत तो कोन) सारखा आणि स्टिअरिंग मधोमध हवं. त्यानंतरच स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य कॅलिब्रेशन करा. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, दारं बंद, गाडीत कोणी हलत नाही, बॅटरीचा दाब १२ व्होल्टच्या खाली नाही, आणि स्कॅनरमधून एबीएस किंवा ईएससीच्या मॉड्यूलमध्ये जाऊन झीरो पॉइंट. बऱ्याच गाड्यांत त्याच वेळी यॉ आणि बाजूच्या जोराच्या सेन्सरचंही शून्य घेतात. म्हणूनच जागा सपाट लागते. उतारावर केलं तर उतारच शून्य म्हणून नोंदला जातो. काही जुन्या मॉडेलमध्ये चावी ऑन करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि परत मध्ये आणलं की शून्य सापडतो, पण हे सगळ्यांना लागू नाही. शेवटी स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे) लावून सरळ रस्त्यावर चालवा. स्टिअरिंगचा कोन दोन-तीन अंशांच्या आत, यॉ सेकंदाला एका अंशाच्या आत, आणि चारही चाकांचे वेग एकमेकांशी जुळणारे हवेत. हा डेटा दाखवायला गॅरेजवाला तयार नसेल तर दुसरं गॅरेज शोधा.

इथे एक सूचना. फोनला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे पी ने सुरू होणारे कोड वाचतं. ब्रेक आणि ईएससीचे कोड सी ने सुरू होतात, मॉड्यूलमधल्या संवादाचे यू ने. ते वाचणारा स्कॅनर हवा. कोड नाही म्हणाले तर कोणत्या मॉड्यूलमध्ये पाहिलं ते विचारा. चाकांच्या सेन्सरचे प्रमाणित कोड सी००३५ डावं पुढचं, सी००४० उजवं पुढचं, सी००४५ डावं मागचं, सी००५० उजवं मागचं. कंपन्या आपले वेगळे कोडही वापरतात.

एबीएसचा दिवाही पेटत असेल तर शोध चाकाकडे न्या. टायरच्या कामात सेन्सरची वायर ओढली जाणं, क्लिप निसटल्यामुळे ती स्टिअरिंग वळवताना घासून आतून तुटणं हे नेहमीचं. बाहेरून वायर धडधाकट दिसते. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना लाइव्ह डेटात सिग्नल गायब होतो का, हे पाहिलं तरच कळतं. सेन्सरच्या टोकाला ब्रेकची लोखंडी पूड चिकटलेली असेल तर कापडाने पुसा. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर असतं. सेन्सरखाली गंज फुगला की ते वाढतं. जुना कॉइलवाला सेन्सर ओहम मीटरवर साधारण १ ते २ किलोओहम दाखवतो. नव्या हॉल सेन्सरवर मात्र ओहम मीटर लावू नका. त्यातून काही कळत नाही आणि सेन्सर जाऊ शकतो. त्याला व्होल्टेज मिळतंय का आणि चाक हाताने फिरवल्यावर सिग्नल बदलतोय का, एवढंच पाहायचं.

ताशी ५ ते १० किमीवर, सिग्नलला थांबता थांबता कोरड्या रस्त्यावर ब्रेक पेडल थरथरत असेल, तर रिंगला तडा गेलाय किंवा अंतर वाढलंय असं समजा. कमी वेगात सिग्नल तुटतो, संगणकाला चाक लॉक झाल्यासारखं वाटतं आणि एबीएस विनाकारण सुरू होतं. आणि व्हील बेअरिंग बदलल्याबरोबर दिवा पेटला असेल, तर बेअरिंग उलटं बसलंय का पाहा. चुंबकीय पट्टीची बाजू सेन्सरकडे हवी. दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्या दिसतात, म्हणून प्रेसवर घालण्याआधी बारीक पिन लावून कोणती बाजू ओढते ते तपासायचं.

आता टायर, जिथे तुमच्या गाडीत दुसरी चूक आहे. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे टाकायचे, पुढची चाकं गाडी ओढत असली तरीही. आपल्याकडे सर्रास उलटं करतात. ओल्या रस्त्यावर झिजलेले टायर मागे असले की वळणात आधी मागचा भाग सुटतो, आणि सुटलेली शेपूट सावरणं नाक बाहेर जाण्यापेक्षा कितीतरी अवघड. पुढची पकड गेली तर स्टिअरिंग हलकं लागून इशारा तरी मिळतो, मागची जाताना काहीच कळत नाही. ईएससी हे सावरायचा प्रयत्न करेल, पण आता तर तेही बंद आहे. म्हणजे सध्या तुमची गाडी घाटात सर्वात वाईट जोडीने फिरतेय: जुने, झिजलेले टायर मागे आणि ईएससी बंद. आधी पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. जॅक असलेलं कोणतंही गॅरेज हे अर्ध्या तासात करतं. शक्य असेल तर चारही नवे घ्या. कायद्याने १.६ मिलिमीटर खोल नक्षी चालते, पण नाशिक-मुंबईचा पावसाळा काढायचा असेल तर ३ च्या खाली गेलेला टायर काढा. पाण्याच्या थरावर टायर तरंगायला लागला की चारही चाकांखाली रस्ताच नसतो, आणि संगणक ब्रेक कशावर लावणार?

टायरच्या मापाचा सेन्सरवरही परिणाम होतो. १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर, १९५/६५ आर१५ चा ६३४.५. फरक दोन टक्के. नवा ८ मिलिमीटर नक्षीचा आणि २ मिलिमीटर उरलेला टायर यांतही जवळपास दोन टक्के. पुढच्या आणि मागच्या जोडीत एवढा फरक असला तर संगणक तो बहुधा शिकून घेतो. पण डाव्या-उजव्यात असा फरक पडला, तर दीड मीटर रुंदीच्या गाडीला तो ७५ मीटर त्रिज्येच्या कायमच्या वळणासारखा दिसतो. म्हणून एकाच एक्सलवर वेगळ्या मापाचे, वेगळ्या कंपनीचे किंवा एक नवा-एक जुना टायर टाकू नका. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर ताशी ८० च्या वर जाऊ नका, आणि मूळ चाक लवकर बसवा.

ब्रेक ऑइलबद्दल लोक फार निष्काळजी असतात. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवा असताना किमान २३०, ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस. चांदवडजवळचा राहुड घाट किंवा कसारा उतरताना पॅड तापतात. त्यात जुनं ऑइल असेल तर बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. ओलाव्याने बारा व्हॉल्वचा डबा आतून गंजतो, आणि तो डबा या यंत्रणेतला सर्वात महाग भाग आहे. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. पाइप उघडून काम झालं असेल आणि पेडल मऊ राहिलं असेल, तर नुसतं पेडल मारून हवा निघत नाही. डब्यात अडकलेली हवा काढायला स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व चालवावे लागतात.

बॅटरीही पाहून घ्या. पंपाच्या मोटरला मोठा करंट लागतो, म्हणून तिचा फ्यूज वेगळा आणि मोठा असतो. निफाडकडच्या थंडीत पहाटे बॅटरी दमलेली असताना गाडी सुरू केली आणि तीन-चार दिवे एकदम पेटले, तर आधी बॅटरीचा दाब मोजा. व्होल्टेज पडल्यावर मॉड्यूल एकमेकांशी बोलणं थांबवतात आणि यू चे ढीगभर कोड जमतात. कोड पुसून, बॅटरी दुरुस्त करून पाहा. यॉ सेन्सर बदलायची घाई नको.

ते बटण मग आहे कशासाठी? द्राक्षाच्या बागेकडे जाणाऱ्या काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर, सैल वाळूत किंवा खोल चिखलात. तिथे दोन्ही चाकं सारखीच फिरकी मारतात, संगणक सतत ताकद कापतो आणि गाडी रुतून थांबते. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल ऑफ करा, दुसरा गिअर, हलका अ‍ॅक्सिलरेटर, वेग तुटू देऊ नका. पण एकच चाक हवेत किंवा चिखलात फिरत असेल आणि दुसरं टणक जमिनीवर असेल, तर उलट करा: चालू ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर काही सेकंद स्थिर धरा. ब्रेकला ते चाक पकडायला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक लोक नेमके त्याआधीच पाय काढतात. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं आणि तीन ते पाच सेकंद धरून ठेवलं की ईएससीसुद्धा. दोन्हींत एबीएस चालूच राहतं. डांबरावर आलात की लगेच परत ऑन करा. एबीएसचा फ्यूज काढून दिवा घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तिथून निघा. फ्यूज काढला की मागचे ब्रेक आटोक्यात ठेवणारं ईबीडीही जातं आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात.

पिंपळगावकडून येताना ट्रॅक्टरच्या चाकांची माती सांडलेली असते, उड्डाणपुलाच्या सांध्यांवर ओल्या लोखंडी पट्ट्या असतात. तिथे दिवा क्षणभर लुकलुकणं ठीक आहे. पण एकाच वळणावर तो दर आठवड्याला लुकलुकत असेल, तर त्या वळणावरचा तुमचा वेग जास्त आहे. खरंच घसरलात तर स्टिअरिंग जिकडे जायचं आहे तिकडेच धरा आणि नजरही तिकडेच. स्टिअरिंगचा कोन हीच संगणकाच्या लेखी तुमची इच्छा असते. घाबरून गरागरा फिरवलं तर तो तीच मागणी समजून पुरवायला जातो. ब्रेक लागला तर जोरात दाबा आणि दाबून ठेवा, पेडल थरथरलं तरी सोडू नका. ओल्या उतारावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडू नका, त्याने पुढची चाकं ओढली जाऊन घसरतात. आणि ब्रेकचं गणित ईएससी बदलत नाही: ओल्या रस्त्यावर पकड ०.५ धरली तर ६० वरून थांबायला २८ मीटर, ८० वरून ५० मीटर, आणि पाय ब्रेकवर जाण्याआधीचं अंतर वेगळं.

एवढं सगळं करून दिवा पुन्हा लागलाच, तर लागला त्या क्षणीची स्थिती लिहून ठेवा: वेग किती, वळण डावं की उजवं, ब्रेकवर पाय होता का, गाडी सुरू करून किती मिनिटं झाली, पाऊस होता का, इतर कोणते दिवे सोबत लागले. गाडी बंद न करता तशीच गॅरेजला नेता आली तर उत्तम, कारण चालू बिघाड आणि जुना नोंदलेला कोड यांत स्कॅनर फरक दाखवतो. डाव्या वळणावरच लागत असेल तर उजव्या बाजूच्या बेअरिंगचा खेळ तपासायला सांगा. वळताना भार त्या बाजूला जातो, ढिलं बेअरिंग हलतं आणि सेन्सरसमोरचं अंतर बदलतं.